रंधा मशीन बदलायच्या आधी

अगं भाचीबाई, नव्या प्लेनरची किंमत काढायच्या आधी जुन्यातून निघालेली शेवटची फळी खिडकीपाशी ने आणि उजेडात तिरकी धर. मशीनला काय झालंय हे दुकानदार सांगणार नाही, फळी सांगेल. लांबीभर एक बारीक उभी रेघ वर आलेली दिसली, तर पात्याला कपचा पडलाय. जागोजागी लाकूड उपटून खळगे पडले असतील, तर पाती बोथट झालीत किंवा फळी रेषेच्या उलट गेली आहे. नुसती टोकंच खोल गेली असतील, तर टेबल तपासायचं. एक कड जाड आणि दुसरी पातळ निघत असेल, तर हेड तिरकं झालंय. आणि फळी सगळीकडून सारख्या जाडीची, पण केळ्यासारखी वाकडी ती वाकडीच राहिली असेल, तर मशीन बिचारं निर्दोष आहे.

हा शेवटचा प्रकार नीट समजून घे, कारण हौशी लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. थिकनेस प्लेनर जाडी सारखी करतो, फळी सरळ करत नाही. त्याचे रोलर वाकडी फळी दाबून धरतात, पाती वरचा थर काढतात आणि पलीकडे दाब सुटला की फळी परत आपल्या वळणावर जाते. सरळ करायचं काम सरफेस प्लेनरचं. तो नसेल, तर 18 मिलिमीटरच्या सपाट प्लायची एक पाटी कर. फळीची खोलगट बाजू खाली ठेवून तिच्यावर मांड, जिथे जिथे फळी डुगडुगते तिथे पातळ पाचरी सारून त्या गरम गोंदाने चिकटव, आणि पाटीसकट मशीनमधून काढ. वरची बाजू सपाट झाली की पाटी बाजूला ठेव, फळी उलटी कर आणि नेहमीसारखी घाल. वेळ लागतो, पण पीळ पडलेलं सागवानसुद्धा असं सुधारतं. ही पाटी करून बघितल्याशिवाय मोठ्या मशीनचं नाव काढू नकोस.

आता स्वच्छता. प्लग काढ, स्विच बंद करून भागत नाही. रोलरवर हात फिरव. रबर काचेसारखं गुळगुळीत लागलं तर त्यावर राळ आणि भुशाचा थर बसलाय, म्हणूनच फळी मध्येच अडते आणि तुला वाटतं मोटारीत दम राहिला नाही. पॉलिशवाले वापरतात ते स्पिरिट फडक्यावर घेऊन पूस. थिनर नको, रबर खराब होतं. खालच्या पत्र्यावर साधी मेणबत्ती घास आणि कोरड्या फडक्याने चोळून काढ, फळी सुरकन पुढे जाईल. सिलिकॉनचा स्प्रे मात्र कार्यशाळेच्या दारातही आणू नकोस. तो लाकडाला लागला की पुढे पॉलिश त्या जागी डोळे धरतं, आणि दोष पॉलिशवाल्याला मिळतो.

मोटार दमतेय असं वाटलं तर एक्स्टेन्शनही बघ. एक चौरस मिलिमीटरची लांबलचक वायर या मशीनला पुरत नाही. व्होल्टेज पडतं आणि मोटार तापते. 2.5 चौरस मिलिमीटरची आखूड वायर आणि 16 अँपियरचा सॉकेट असू दे. या टेबलावरच्या मशीनना कार्बन ब्रशच्या मोटारी असतात, आणि ब्रश ही झिजायचीच वस्तू आहे. नवी जोडी नव्या मशीनपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

उभ्या रेघेवर एक जुनी युक्ती आहे. पात्यांना बाजूला सरकायला जागा असेल, तर त्यातलं एकच पातं केसभर डावी-उजवीकडे सरकव. एकाचा कपचा दुसऱ्याची धार झाकते आणि रेघ जाते. धार लावायला गेलीस तर सगळी पाती एकदमच दे, वजनात फरक पडला की कटर ब्लॉक थरथरतो.

टोकांचा खड्डा का पडतो? फळी आत शिरताना तिला पहिल्याच रोलरने धरलेलं असतं आणि बाहेर पडताना शेवटच्याच. त्या क्षणी तिचं दुसरं टोक लोंबतं आणि कापलं जाणारं टोक वर उचलतं. पुढच्या-मागच्या टेबलांची बाहेरची कड नाण्याच्या जाडीएवढी वर घे. तरी थोडं राहिलं तर फळ्या एकामागे एक टेकवून घाल, आणि कापतानाच दोन्ही टोकांना तीन-चार इंच जास्त ठेव. हे कुठल्याही हौशी मशीनमध्ये पूर्ण जात नाही, महागड्यातही. दोन रोलरमधल्या अंतरापेक्षा आखूड तुकडा मात्र कधीही घालू नकोस. तो आत आडवा होतो आणि सुटला की अंगावर येतो.

इतकं करूनही खळगे पडतच असतील, तर मग स्पायरल कटरचा विचार. त्यात लांब पात्यांऐवजी कार्बाइडचे छोटे चौकोनी तुकडे नागमोडी ओळींत बसवलेले असतात, प्रत्येकाला चार धारा. एक धार गेली की स्क्रू सैल करून तुकडा फिरवायचा. कपचा पडला तर तेवढेच तुकडे फिरवायचे, सगळं उतरवावं लागत नाही. आवाजही बराच कमी होतो, आणि रो-हाउसमध्ये भिंतीपलीकडे कोणी दुपारी झोपत असेल तर हा फायदा छोटा नाही.

तू पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान घेतेस, म्हणून तुझ्या बाबतीत हा कटर जरा जास्तच पटतो. सागवानात सिलिका असते, ती साध्या पोलादी पात्यांची धार भराभर खाते. जुन्या तुळईत रंगाखाली खिळे असतात ते वेगळेच. फळी मशीनजवळ नेण्याआधी सगळीकडून चुंबक फिरव, खिळा कार्बाइडलाही सोडत नाही. तुकडे बसवताना प्रत्येकाची खोबण ब्रशने साफ कर. एकाखाली जरी भुशाचा कण राहिला तरी तो तुकडा वर येतो आणि फळीभर बारीक पन्हाळ पाडत जातो.

पण स्पायरल बसवला की आरशासारखी फळी निघेल असं समजू नकोस. हलका सॅंडपेपर लागतोच. छोट्या मोटारीवर तो सहसा जास्त भार टाकतो, म्हणून एका फेरीत कमी कापायचं. अमेरिकेतल्या बर्ड कंपनीचा शेलिक्स यात नावाजलेला आहे, पण तो ठराविक मॉडेलांसाठीच बनतो. कस्टम आणि कुरिअर धरून त्याची किंमत तुझ्या मशीनच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर घेऊ नये. हा माझा ठोकताळा, त्यामागे शास्त्र नाही.

मशीन मात्र दोनच कारणांसाठी बदलावं. एक, तुझं काम वारंवार त्याच्या रुंदीत मावत नाही. वर्षातून एकदा पंधरा इंची फळी लागते म्हणून नव्हे. तेवढी वखारीत नेऊन रंधा मारून आण, ते लोक आनंदाने करून देतात. दुसरं, हेड वरखाली करणारे स्क्रू किंवा ब्लॉकचं बेअरिंग इतकं झिजलंय की जाडी धरतच नाही. ब्लॉक हाताने हलवून बघ (प्लग काढून, पुन्हा सांगतो). कटकट लागली आणि बेअरिंग बदलूनही गेली नाही, तर खर्च थांबव.

घ्यायचंच झालं तर जाहिरातीतल्या हॉर्सपॉवरपेक्षा एका इंचात किती काप पडतात ते विचार. मकिताच्या बारा इंची 2012एनबीमध्ये दोन पाती, मिनिटाला 8500 फेरे, म्हणजे इंचाला साधारण 50 काप. डीवॉल्टच्या तेरा इंची डीडब्ल्यू735मध्ये तीन पाती, 10000 फेरे आणि दोन वेग. जोरात चालवलं तर 96, सावकाश चालवलं तर 179. पॉलिशच्या लाकडाला हा फरक हाताला कळतो. बाकी मूळ कल्पना जुनीच आहे: फिरती पाती आणि दाबून धरणारे रोलर यांच्या जोडीचं पेटंट अमेरिकेत विल्यम वुडवर्थने 1828 मध्ये घेतलं आणि पुढे पंचवीसेक वर्षं तिथे त्यावर स्वामित्वधन उकळलं गेलं.

तुझा न्यू जर्सीचा दादा "मी येताना घेऊन येतो" म्हणेल. त्याला सांग, डीवॉल्टचं ते धूड जवळजवळ 42 किलोचं आहे, विमानाच्या बॅगेत बसत नाही. बसलंच, तर तिकडची मशीन 120 व्होल्ट आणि 15 अँपियरची, इथे तिच्यासाठी दोन-तीन केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर सतत गुणगुणत ठेवावा लागेल. आपल्याकडची ओतीव लोखंडाची, पट्ट्यावर चालणारी सरफेस-कम-थिकनेस मशीन त्याहून मला पटतात. सरळ आणि जाड दोन्ही कामं एकात होतात, आणि बिघडलं तर कोपऱ्यावरचा वर्कशॉपवालाही दुरुस्त करतो. जागा खातात आणि उचलून कपाटाखाली सरकवता येत नाहीत, हा त्यांचा दोष. जुनं घेतलंस तर टेबलावर लांब पट्टी उभी ठेवून खालून उजेड येतो का बघ, आणि मोटार किती फेजची आहे ते पैसे देण्याआधी विचार. तीन फेज सहसा घरी नसते.

पावसाळ्यात निर्णय घेऊ नकोस. ओलं लाकूड कुठल्याही मशीनवर उपटतंच आणि वाळल्यावर पुन्हा वाकतं. दिवाळीनंतर, एक सूत जाड ठेवून आठ-पंधरा दिवस टेकवलेल्या फळीवर बघ.

तुझ्यापुरता माझा निकाल असा: यंदा नवी पाती, रोलरची सफाई आणि ती प्लायची पाटी. वाड्याचं लाकूड येतच राहिलं आणि कटर तुझ्या मॉडेलला बसणारा असला, तर पुढच्या वर्षी स्पायरल. मोठं मशीन आत्ता नको. आणि कधी विकायचंच ठरलं, तर नवी पाती बसवूनच वीक. जाणतं गिऱ्हाईक पहिल्यांदा फळी घालूनच बघतं.