घर हीच साधनेची परीक्षा : रेव्हरंड टिळकांच्या संसारातून एक पाठ



सत्संगात आपले मन शांत असते. वाणी गोड असते, समोरच्यापुढे मस्तक सहज नमते. घरी येऊन दहा मिनिटे होत नाहीत तोच आमटीत मीठ कमी पडते आणि आपला आवाज चढतो. जे ऐकले ते एवढ्यात कुठे गेले?

हा प्रश्न मोठमोठ्या भक्तांनाही सुटलेला नव्हता. आज आपण एका मराठी ख्रिस्ती धर्मगुरूच्या संसाराकडे पाहू या. त्यांचे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक.

थोडा परिचय

टिळकांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, ब्राह्मण कुटुंबात झाला. रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार वाचायला दिला. त्यातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि १९०४ मध्ये ते धर्मगुरू झाले. त्यांचे बरेचसे कार्य अहमदनगर परिसरात झाले. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. तुकोबांच्या अभंगांवरची प्रीती त्यांनी कधी सोडली नाही. ख्रिस्ताची भक्तीही त्यांनी अभंगातच गायली.

त्यांचे घर आपल्याला कळते ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे. लक्ष्मीबाईंनी पतीवर अपार प्रेम केले, पण त्यांना देव्हाऱ्यात बसवले नाही. टिळकांचा तापट स्वभाव, न सांगता घरातून निघून जाणे, हाती पैसा न टिकणे, हे सगळे त्यांनी हसतखेळत लिहून ठेवले आहे.

पहिला पाठ : आपले सत्य दुसऱ्यावर लादू नये

टिळकांच्या बाप्तिस्म्याची बातमी घरच्यांना मागाहून कळली. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढची काही वर्षे त्यांनी पतीपासून दूर, नातेवाइकांकडे काढली. त्या परत आल्या तेव्हाही मनाने ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. त्यांचे सोवळे चालू होते, स्वयंपाक वेगळा होता. टिळकांनी ते चालू दिले. हळूहळू लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला : जातिभेद देवाने केला की माणसाने? उत्तर मिळाले तसे सोवळे गळून पडले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्या. टिळकांच्या निर्णयाची मोठी किंमत पत्नीने मोजली, हे विसरता येत नाही. पण पुढे त्यांनी जी वाट पाहिली, तीही तितकीच खरी आहे. पत्नीचा विश्वास तिच्या पावलांनी चालत आला, म्हणून तो टिकला.

चंदीगडच्या सेक्टर ३० मध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करा. सून पंजाबी आहे, मुले आपसात हिंदी बोलतात, सत्संगाला आजी एकटीच जाते. आजीला वाटते, सगळ्यांनी यावे. ती रोज टोमणा मारू शकते, किंवा परतल्यावर घरात इतक्या प्रेमाने वागू शकते की एके दिवशी सूनच विचारेल, “आई, तिथे काय सांगतात हो?” कोणता मार्ग लांबचा वाटला तरी पोहोचवणारा आहे, हे आपणच ठरवावे.

दुसरा पाठ : बाहेरचे दान, घरातील माणूस

टिळकांचा हात सढळ होता. गरजू दिसला की जवळचे देऊन टाकत. पण महिना कसा काढायचा ही चिंता लक्ष्मीबाईंची! वाणिज्य शाखेत आम्ही शिकतो की प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू असतात. एकीकडे जमा झाली की दुसरीकडे नावे पडतेच. सेवेचेही तसेच आहे. आपण सेवेला वेळ देतो तेव्हा तो वेळ बहुधा घरातील कोणीतरी आपल्याला दिलेला असतो. आपल्या वाट्याचे काम कोणी उचलले, त्याला आपण धन्यवाद दिले का? सेवा थांबवू नये. पण घरच्यांना विचारून, त्यांना सोबत घेऊन केली, तर तिचे पुण्य वाटून घेतले जाते.

तिसरा पाठ : वाढायला वय नसते

१९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे बंधू म्हणून जागा होती. ज्या वयात माणूस पेन्शनचा विचार करतो, त्या वयात त्यांनी आपले अंगण मोठे केले. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले.

ते पुरे कोणी केले? लक्ष्मीबाईंनी. ज्यांना लहानपणी शाळा मिळाली नाही, पतीने शिकवले तेवढ्यावर ज्या वाचायला लागल्या, त्यांनी. रागावणाऱ्या, हरवणाऱ्या, पण मनापासून शिकवणाऱ्या त्या माणसाच्या घरात एक स्त्री स्वतःच्या शब्दांची मालकीण झाली. टिळकांच्या साधनेचे हे मोठे फळ म्हणावे लागेल.

मनन करण्यासाठी

१. घरातील कोणाला मी माझ्या वेगाने चालायला लावत आहे?
२. माझ्या सेवेचा भार घरात कोण उचलतो? मी ते कधी बोलून दाखवले आहे का?
३. माझ्यासोबत राहून माझ्या घरातील माणूस वाढतो आहे की दबतो आहे?

उद्या कोणी आपल्या घरच्यांना आपल्याविषयी खरेखुरे लिहायला सांगितले, तर ते काय लिहितील? टिळकांविषयी लक्ष्मीबाईंनी दोषही लिहिले आणि प्रेमही. आपल्या पानावर दोष असतीलच; प्रेमाच्या ओळी जास्त असाव्यात, यासाठी आज रात्रीच्या जेवणापासूनच सुरुवात करू या.