नागपूरखालच्या तीन पृथ्व्या

एखाद्या निराळ्या पृथ्वीची कल्पना करा असे सांगितले, तर तुम्ही हिरवे आकाश किंवा तांबडा समुद्र रंगवाल. पण ती कल्पना शास्त्राला धरून आहे की नाही, हे कसे ओळखावे? रीत सोपी आहे. एकच गोष्ट बदला आणि तिचे परिणाम पायरीपायरीने शोधा.

समजा, उष्णता अडवून धरणारे वायू, म्हणजे मुख्यतः पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड, हवेतून काढून टाकले. पृथ्वीचे सरासरी तापमान 15 अंश सेल्सिअसवरून सुमारे उणे 18 अंशांवर उतरेल. समुद्र गोठतील. पांढरे बर्फ सूर्यप्रकाश परत फेकील आणि थंडी आणखी वाढेल. उलट शुक्रावरील हवेत सुमारे 96 टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. तेथील जमीन सुमारे 460 अंशांपर्यंत तापते. शिसेही वितळावे इतकी!

निराळ्या पृथ्व्या आपल्या विदर्भातही होऊन गेल्या आहेत. त्यांच्या खुणा खडकांत सापडतात.

पहिली बर्फाची. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती. चंद्रपूर जिल्ह्यातील इरई गावाजवळ हिमनदीने चुनखडीवर पाडलेल्या ओरखड्यांचे वर्णन फेडन या भूशास्त्रज्ञाने 1875 साली प्रसिद्ध केले.

दुसरी अरण्यांची. बर्फ वितळल्यावर दलदलीत झाडे माजली. त्यांनी हवेतील कार्बन शोषला व ती गाळाखाली गाडली गेली. तोच कामठीचा दगडी कोळसा.

तिसरी लाव्हाची, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीची. सीताबर्डीच्या टेकडीत लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातील गाळाचा पातळ थर आहे. हिस्लॉप व हंटर यांनी 1855 साली नागपूरच्या भूरचनेवरील लेखात अशा थरांची माहिती दिली. म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात येथे पाणी साचले, गाळ बसला.

आता आपण तोच कोळसा वीजकेंद्रांत जाळून जुना कार्बन पुन्हा हवेत सोडत आहोत. 1750 च्या सुमारास हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 भाग होते. आज ते 420 हून अधिक आहेत. चौथी पृथ्वी अशी आपल्याच हातून घडते आहे.

विचार करा : पृथ्वीवर समुद्रच नसते, तर नागपूरचा उन्हाळा व हिवाळा कसा असता? मे महिन्यातील मुंबई व नागपूर यांचे तापमान ताडून पाहा आणि किमान चार पायऱ्या वहीत लिहा.