नॉच आधी, गाडी नंतर

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाची बोंब आहे, सांभाळून घ्या. विषय मात्र आवडीचा आहे : मॉडेल रेल्वे.

आमच्या मिनी प्रोजेक्टची गाडी एचओ स्केलची, म्हणजे १:८७. ८ बाय ४ फुटी प्लायवर गोल ट्रॅक, डीसी मोटर, अर्डुइनो आणि अल्को डिझेल इंजिनाचा रेकॉर्ड केलेला आवाज. गाडी जितकी फास्ट तितका आवाज चढा, असं साधं लॉजिक. रूममेटचे बाबा रेल्वेतून रिटायर झालेले ड्रायव्हर. ते हॉस्टेलवर आले तेव्हा आम्ही ऐटीत गाडी चालवून दाखवली. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पोरांनो, हा तर मिक्सर आहे." रूममेटचा चेहरा एवढासा झाला. हा सगळा खटाटोप त्याने त्यांच्यासाठीच केला होता, आणि सबमिशनला आठच दिवस उरले होते.

मग काकांनीच शिकवणी घेतली. डब्ल्यूडीएम-२ या इंजिनाला आठ नॉच. आयडलला ४०० आरपीएम, आठव्या नॉचला १०००. नॉच टाकला की आधी इंजिन गुरगुरतं, जनरेटर करंट देतो आणि मग कुठे गाडी हलते. स्पीड आल्यावर नॉच शून्यावर आणला की इंजिन शांत होतं, पण गाडी धावतच राहते! म्हणजे आवाज हा नॉचचा, स्पीडचा नाही. आमची चूक इथेच होती. (वाफेच्या इंजिनाचं वेगळं. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेरीला चार 'छुक' येतात, पण रेग्युलेटर बंद केला की तेही थांबतात.)

आता मॉडेल असं आपोआप का वागत नाही? वस्तुमान लांबीच्या घनाने कमी होतं. ११३ टनांचं इंजिन १:८७ मध्ये जेमतेम १७० ग्रॅमचं. त्यात मोटरला वर्म गिअर, करंट गेला की चाकं जागीच लॉक. म्हणून जडत्व प्रोग्रॅममध्येच घालावं लागतं : ओढ वजा रोध, भागिले वस्तुमान, आणि त्यातून दर क्षणाचा स्पीड. परदेशी डीसीसी डिकोडरमध्ये हेच काम सीव्ही ३ आणि ४ करतात.

पण स्लो स्पीडला मोटर गचके खाते. त्यावर उपाय बॅक ईएमएफ. पीडब्ल्यूएमच्या दोन पल्समध्ये मोटर जनरेटरसारखी वागते. तो व्होल्टेज मोजला की खरा स्पीड कळतो आणि कमी-जास्त करता येतो. आमचे दोन दिवस नुसते त्या रीडिंगमधला नॉइज काढण्यात गेले.

तडजोड एकच करावी लागली. खरी गाडी थांबायला ८०० मीटर घेत असेल तर आम्हाला ९ मीटर हवेत, आणि प्लाय जेमतेम अडीच मीटरचा. म्हणून टॉप स्पीड ३० किमीच ठेवला, म्हणजे सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर. स्पीकर बंद डबीत बसवला, कारण उघडा ठेवला तर मागची लाट पुढच्या लाटेला मारते.

सबमिशनच्या आदल्या रात्री काकांना फोनवर ऐकवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलाला म्हणाले, "नॉच जरा लवकर उतरवलास. परत चालव."