विंडोज अपडेट अडकलं? बंद करून टाकण्याआधी एवढं बघा



आपल्या मालेगावात यंत्रमागावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, चालू मागाची वीज गेली तर काय होतं? माग पुन्हा सुरू होतो, पण त्या जागी कापडावर खूण राहू शकते. विंडोजचं अपडेट चालू असताना लाईट गेली की कॉम्प्युटरचंही असंच होतं. काही फायली नव्या, काही जुन्या. पुन्हा सुरू केल्यावर तो "अनडूइंग चेंजेस" दाखवत बसतो आणि घरातलं कुणीतरी वैतागून म्हणतं, "ते अपडेटच बंद करून टाका!"

ते मात्र करू नका. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलं होतं, पण असंख्य कॉम्प्युटरवर ते घातलेलंच नव्हतं. त्यानंतर जूनमध्ये नॉटपेट्या आला. त्यानेही हीच फट वापरली आणि त्याच्या तडाख्यात न्हावा शेवा बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. आपल्या कॉम्प्युटरवर शालार्थची, यूडायसची कामं होतात, मुलांचे आधार क्रमांक असतात. ते असे उघडे ठेवायचे का?

"अनडूइंग चेंजेस" दिसत असेल तर पॉवरचं बटण दाबू नका. तास लागला तरी लागू द्या. विंडोज आपणहून मागे जातोय. दोन-तीनदा सुरू होताना तो बंद पडला तर निळा रिकव्हरीचा पडदा येतो. तिथे ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि त्यात अनइन्स्टॉल अपडेट्स.

कॉम्प्युटर चालू होतोय पण अपडेटच होत नाही, तर आधी जागा बघा. सी ड्राइव्ह भरलेला असणं हे नेहमीचं कारण. मोठ्या अपडेटला साधारण २० जीबी मोकळे हवेत. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असं जाऊन कचरा काढा. पण त्या यादीत "डाउनलोड्स" हेही नाव असतं! त्यावर टिक केली तर उतरवून ठेवलेल्या प्रश्नपत्रिका, परिपत्रकं सगळं जाईल.

मग घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपवर लाईट गेल्यावर तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा गोल सेल संपलाय. तारीख चुकली की सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही, अपडेट अडतं. सीआर २०३२ नावाचा हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर "मीटर्ड कनेक्शन" चालू असेल तरी अपडेट उतरत नाही.

एवढं करूनही तोच एरर येत असेल तर अर्धवट उतरलेली फाइल खराब असू शकते. सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेट थांबवा. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन आहे, त्यातल्या डाउनलोड फोल्डरमधलं सगळं पुसा आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट करा. हे आपलं डाउनलोड्स नव्हे, आपल्या फायलींना धक्का लागत नाही. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत, सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत "फिक्स प्रॉब्लेम्स युजिंग विंडोज अपडेट" हा पर्यायही आहे. तो फायली, प्रोग्राम तसेच ठेवून विंडोज पुन्हा बसवतो. डेटा भरपूर लागतो, म्हणून शेवटी वापरा.

विंडोज १० वाल्यांचा प्रश्न वेगळा. त्याची नेहमीची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत ठरलेली आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, त्यामुळे बरेच जुने कॉम्प्युटर त्यात बसत नाहीत.

राहिला विजेचा प्रश्न. मुख्य अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत सुटतं, म्हणजे आपल्याकडे रात्री उशिरा. बुधवारी सकाळी शाळेच्या घाईत रिस्टार्ट करू नका. सेटिंग्जमध्ये "पॉज" दाबून ते पुढे ढकला आणि रविवारी, इन्व्हर्टर भरलेला असताना करा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच.