सौर पॅनेलची गाडी दारात येते तेव्हा



ऊस काट्यावर गेला की वजनाची पावती हातात पडून तिच्यावरचा आकडा वाचल्याशिवाय आपल्यातला कुणी घरी परतत नाही. कारण पुढे बिल निघते ते त्या कागदावरून. मळ्यात ऊस किती होता यावरून नव्हे. ही सवय आपल्या अंगवळणी पडलेली आहे. पण हाच माणूस घरी एखादा माल उतरून घेताना मात्र कागद न वाचताच सही करून मोकळा होतो. अलीकडे अनेक सभासदांच्या घरी व विहिरीवर सौर पॅनेल येऊ लागली आहेत. म्हणून हा माल उतरून कसा घ्यावा, याचा अभ्यास या पाठात करू.

उदाहरणासाठी आपण घाटाखालचा रत्नागिरी जिल्हा घेऊ. आपल्यापैकी कुणाची लेक तिकडे दिलेली आहे, कुणाची आंब्या-काजूची बाग आहे. शिवाय तिथली वाट सर्वांत अवघड. तिथे जी रीत लागू पडते ती घाटावर सहज लागू पडेल.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले. तेव्हा दापोली, मंडणगड भागातील कित्येक गावे बरेच दिवस अंधारात होती. त्यानंतर सौर विजेकडे लोकांचे लक्ष वाढले. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाची पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना सुरू झाली. तिच्यात घराच्या छपरावर ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठा संच बसविल्यास ७८,००० रुपये अनुदान आहे. राज्यात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरावयाचा आहे. योजना चांगल्या आहेत. पण वाटेत फुटलेले पॅनेल सही करून घेतले, तर पुढचा त्रास आपल्यालाच होतो.

मालाचे स्वरूप

सध्या चालणारे ५४० वॉटचे एक पॅनेल सुमारे साडेसात फूट लांब व पावणेचार फूट रुंद असते. वजन २७-२८ किलो. दोन्ही बाजूंनी काच असेल तर ३० किलोच्या वर. कंपनीतून ती सुटी निघत नाहीत. लाकडी तळावर उभी करून, पुठ्ठ्याच्या पेटीत घालून, पट्ट्यांनी आवळून येतात. या बांधणीला वाहतूकदार 'पॅलेट' म्हणतात. एका पॅलेटमध्ये साधारण ३१ पॅनेल असली तर वजन ९०० किलोच्या आसपास भरते. म्हणजे चार हमालांनी हातावर उतरवण्याची ही वस्तू नव्हे.

एका घराच्या ३ किलोवॉट संचाला ६ पॅनेल लागतात. म्हणून वाडीतल्या पाच घरांनी एकाच विक्रेत्याकडे नोंदणी केली तर ३० पॅनेल, म्हणजे जवळजवळ एक अख्खे पॅलेट होते. मूळ बांधणी न फोडता माल वाडीपर्यंत येतो, गोडाऊनमधली उचलठेव वाचते आणि भाडे वाटले जाते. सहकाराचा हा साधाच उपयोग आहे.

गाडी येण्याआधी

१. मोठा ट्रक महामार्ग सोडून कुठवर येतो ते आधी पाहावे. कोल्हापूरहून येणारी गाडी आंबा घाट उतरून साखरपा, नाणीज, पाली, हातखंबा या मार्गाने जाते. हातखंब्यापर्यंत अडचण नाही. खरी अडचण वाडीच्या वळणावर सुरू होते. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वर आंब्याच्या फांद्या व विजेच्या तारा, आणि पुढे नुसती पाखाडी. अशा ठिकाणी माल छोट्या टेंपोत बदलावा लागतो. हे आधीच विक्रेत्याला लेखी कळवावे.

२. 'घरपोच' याचा अर्थ नीट विचारून घ्यावा. पुष्कळ वेळा घरपोच म्हणजे गाडी दारापर्यंत, एवढेच असते. उतराई आणि वाराई कुणाच्या अंगावर, हे भाडे ठरवतानाच कागदावर यावे. बिल्टीवर 'टू पे' लिहिले असेल तर भाडे माल घेताना आपल्याला द्यावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

३. पावसाचे चार महिने शक्यतो टाळावेत. रत्नागिरीत या काळात सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पुठ्ठा भिजला की पेटी खचते आणि पॅनेल एका अंगाला कलतात. शिवाय घाटाचा भरवसा नसतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटात दरडी कोसळून व रस्ता खचून वाहतूक बंद पडली होती.

४. ठेवायची जागा आधी करून ठेवावी. जमीन सपाट व कोरडी हवी. गोठ्याजवळ, खताच्या पोत्यांजवळ किंवा पोरे खेळतात तिथे पॅनेल ठेवू नयेत.

उतरवताना

पॅलेट अखंड उतरवायचे तर दोन काट्यांची उचलगाडी किंवा हायड्रा क्रेन पाहिजे. जेसीबीच्या बकेटमध्ये पॅलेट ठेवून उतरवण्याचा उद्योग करू नये. बकेट हलली की माल गेला, आणि खाली कुणी असेल तर माणूसही गेला.

यंत्र नसेल तर गाडीवरच पेटी उघडून एकेक पॅनेल उतरवावे. इथे मोठी सावधगिरी हवी. पॅनेल आत उभी असतात. पट्टी कापली की राहिलेली सगळी एकदम एका बाजूला कोसळू शकतात. आठ-नऊशे किलो काच अंगावर आली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत. पॅलेटला दोन्ही बाजूंनी वासे किंवा फळ्यांचा टेका द्यावा आणि मगच पट्टी कापावी. मधूनच एखादे ओढू नये. कडेपासून एकेक काढावे.

एका पॅनेलला दोन माणसे, हातमोजे घालून, दोन्ही कडांच्या धातूच्या चौकटीला धरून. मागच्या काळ्या डबीला किंवा वायरला धरून कधीही उचलू नये. डोक्यावर पाटीसारखे नेऊ नये, पाखाडीवर तर मुळीच नाही. डोक्यावर नेताना पॅनेल मधोमध वाकते आणि आतल्या सिलिकॉनच्या पातळ चकत्यांना बारीक तडे जातात. वरची काच शाबूत दिसते, तडे डोळ्यांना दिसत नाहीत, पण पुढे वर्षानुवर्षे वीज कमी मिळते. त्याच कारणाने पॅनेलवर बसू नये, पाय देऊ नये, त्यावर अवजार ठेवू नये. वारा सुटला असेल तर काम थांबवावे. एवढा मोठा पत्रा वाऱ्यात शिडासारखा ओढतो.

आणखी एक गोष्ट. पॅनेलला बटण नसते. उजेड पडला की त्यात वीज असतेच. एका पॅनेलच्या टोकांवर ४९ व्होल्टच्या आसपास दाब असतो. सहा एका माळेत जोडली की तो ३०० व्होल्टजवळ जातो. म्हणून जोडणीची टोके एकमेकांत घालून बघण्याची हौस करू नये. फुटलेले पॅनेलही उन्हात वीज देते. त्याला ओल्या हाताने शिवू नये.

सही करण्याआधी

आता मुख्य मुद्दा. ड्रायव्हर म्हणेल, "दादा, सही द्या, मला अजून पावसला जायचंय." त्याचेही खरे आहे. पण आपण म्हणावे, "भाऊ, बसा, चहा घ्या. मोजून होऊ दे." चहा होईपर्यंत पुढील कामे करावीत.

पहिले, पेटी गाडीवर असतानाच चारही बाजूंनी मोबाईलवर फोटो काढावेत. एका फोटोत गाडीचा नंबर यावा. दुसरे, पॅनेल मोजून बिल्टी व मालाच्या यादीशी ताडावीत. तिसरे, प्रत्येक पॅनेलवरचा अनुक्रमांक व वॉट वहीत उतरवावेत. सूर्यघर योजनेत भारतात बनलेल्या सेलचीच पॅनेल चालतात. यादीतले एक आणि आलेले दुसरेच निघाले तर अनुदान अडकते. चौथे, काच, चौकटीचे कोपरे, मागची डबी व वायरी पाहाव्यात.

काही मोडतोड दिसली तर बिल्टीच्या पोहोच प्रतीवर सहीच्या वर स्पष्ट लिहावे: "२ पॅनेलच्या काचा फुटलेल्या, अनुक्रमांक अमुक व अमुक, १ पॅनेल कमी." खाली तारीख, वेळ, आपली सही व ड्रायव्हरची सही. नुसते 'माल खराब' लिहून भागत नाही. सगळी पेटी उघडणे शक्यच नसेल तर 'पेटी फाटलेली, आतील तपासणी बाकी' असे लिहावे आणि त्याच दिवशी तपासावे. लिहू देत नसेल तर सही करू नये व तिथूनच विक्रेत्याला फोन लावावा.

एवढा खटाटोप का? कारण 'माल सुस्थितीत मिळाला' अशी कोरी सही दिली, की मोडतोड वाटेत झाली हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते. रस्त्याने मालवाहतुकीचा कायदा २००७ चा आहे. त्याप्रमाणे वाहतूकदारावर दावा लावायचा तर माल बुक झाल्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस दिलेली असावी लागते. तोंडी तक्रार चालत नाही. शिवाय मालाची किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर भरलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापट रकमेपर्यंतच असते. समजा भाडे ३,००० रुपये, तर भरपाई ३०,००० पर्यंत. पॅलेटची किंमत मात्र लाखांत. म्हणून वाटेतला विमा आहे काय, हे विक्रेत्याला आधी विचारावे व त्याची प्रत मागावी.

योजनेतून बसणाऱ्या संचात बहुधा माल आणून बसवून देणे हे विक्रेत्याचेच काम असते. तेव्हा विक्रेत्याचा माणूस हजर असल्याशिवाय गाडी खाली करून घेऊ नये. तो नसताना आपण सही केली तर तो म्हणतो, "तुम्हीच चांगला माल म्हणून घेतलात." मग भांडणात चार महिने जातात आणि छप्पर मोकळे राहते.

फुटलेली पॅनेल टाकून देऊ नयेत. विमा कंपनीचा माणूस ती पाहायला येतो. सर्व मिटल्यावरही ती ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकू नयेत. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत सौर पॅनेल धरलेली आहेत. ती विक्रेत्यामार्फत परत जावीत.

बसवीपर्यंत

पॅनेल लाकडी पट्ट्यांवर, जमिनीला न टेकता, भिंतीला नीट टेका देऊन ठेवावीत व दोरीने बांधावीत. जोडणीच्या टोकांत पाणी, माती शिरू देऊ नये. किनाऱ्यालगत खारे वारे असतात, तिथे टोके झाकलेली असावीत आणि माल महिनोन्‌महिने पडून ठेवू नये.

स्वाध्याय

१. आपल्या घरापर्यंत किती मोठी गाडी येते? नसेल तर माल कुठे बदलाल?
२. ३१ पॅनेलच्या पेटीची पट्टी कापण्याआधी काय कराल?
३. १० जानेवारीला बुक झालेला माल फुटका आला, तर नोटिशीची मुदत साधारण केव्हा संपेल?
४. पोहोच प्रतीवर कोणत्या चार गोष्टी लिहाल?

तिसऱ्याचे उत्तर जुलैचा दुसरा आठवडा. पण तोवर थांबू नये. मोडतोड दिसली त्याच दिवशी पत्र लिहावे, स्पीड पोस्टाने पाठवावे, पावती जपून ठेवावी. ज्यांच्या वाडीत येत्या हंगामात पॅनेल यायची आहेत त्यांनी हा पाठ गटसभेत एकदा मोठ्याने वाचावा, आणि माल उतरवायला येणाऱ्या पोरांनाही ऐकवावा. हात त्यांचे लागणार आहेत.