टाचेचे दुखणे : कारणे व उपाय

टाच हा शरीराचा उपेक्षित भाग होय. ती दुखू लागेपर्यंत तिची आठवण कोणास होत नाही. तासन् तास उभे राहणाऱ्यांस हे दुखणे विशेषेकरून जडते. आम्हां शिक्षकांचे आयुष्य फळ्यापुढे उभे राहण्यात जाते. परंतु आमच्याहून कठीण स्थिती ऊसतोड कामगारांची. बारडोली परिसरात हंगामात डांग, धुळे, नंदुरबार येथून येणारी ही कुटुंबे दिवसभर फडात कोयता चालवितात व मोळ्या डोक्यावरून वाहतात. गेले वर्षभर टाचदुखी सोसताना डॉक्टरांकडून व वाचनातून आम्हांस जे उमगले, ते येथे देत आहोत.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक चिवट पट्टा गेलेला असतो. पायाची कमान तोलून धरणे हे त्याचे कार्य. वारंवार ताण पडल्याने टाचेजवळ तो झिजतो. निजेत तो आखडतो. म्हणून सकाळी पहिले पाऊल टेकताच कळ येते, चार पावले चालल्यावर ओसरते आणि फार वेळ उभे राहिल्यास पुन्हा वाढते. सुश्रुतसंहितेत पाऊल वेडेवाकडे पडल्याने होणाऱ्या ‘वातकंटक’ नामक पीडेचे वर्णन आहे. म्हणजे पायाचे असे दुखणे आजचे नव्हे. क्ष-किरण चित्रात दिसणाऱ्या हाडाच्या काट्यास पुष्कळजण दोष देतात. पण न दुखणाऱ्या टाचेतही असा काटा आढळतो.

आता उपायांचा तौलनिक विचार करू. पहिला उपाय बिनखर्चाचा. अंथरुणावरून उतरण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, बोटे नडगीकडे ओढावी व दहा अंक मोजावे. असे १० वेळा, दिवसातून ३ वेळा करावे. मऊ, जाड तळाची वहाण वापरावी, फरशीवर अनवाणी चालू नये, वजन आटोक्यात ठेवावे. वेदनाशामक गोळ्या वैद्यकीय सल्ल्यानेच व थोडेच दिवस घ्याव्या. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो; परंतु क्वचित पट्टा तुटण्याचा वा टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. शस्त्रक्रिया हा अखेरचा मार्ग. इतर उपाय ६ ते १२ महिने करूनही गुण न आल्यासच तिचा विचार होतो. बहुतेक रुग्ण त्यावाचूनच बरे होतात. सूज, ताप, बधिरता असल्यास किंवा मार लागला असल्यास मात्र विलंब न करता डॉक्टर गाठावा. मधुमेही व्यक्तींनी पाय शेकण्यापूर्वीही विचारावे.

आम्ही व्यायामाचा मार्ग पत्करला. सकाळची कळ निम्म्यावर आली आहे. ती पुरती गेलेली नाही. इंजेक्शनाचा मोह अनेकदा झाला, पण धोका व लाभ तोलून आम्ही थांबलो. ज्याची मजुरी एका दिवसाच्या विश्रांतीने बुडते, त्याचा निर्णय कदाचित वेगळा असेल, आणि त्यास दोष देता येणार नाही. ‘विश्रांती घ्या’ हा सल्ला देणे सोपे. तो परवडणे सर्वांच्या हाती नसते.

विद्यार्थी मित्रहो, खेळताना तुमचीही टाच दुखल्यास ते लपवू नका. वाढत्या वयात टाचेच्या हाडावर ताण येऊन असे दुखते व खेळ काही काळ कमी केल्यास बहुधा थांबते. आणि उद्या पहाटे घरातील वडीलधारी माणसे पहिले पाऊल कसे टाकतात, तेही पाहा. ती लंगडत असतील, तर हा दहा अंकांचा व्यायाम त्यांना अवश्य शिकवा.