दडपणाखाली पावलांची शिस्त

सरावात सहज हलणारी टेनिसपटूची पावले निर्णायक गुणाच्या वेळी जमिनीला खिळतात. मन गुणफलकात अडकते, निघायला उशीर होतो आणि हात लांबवून फटका मारावा लागतो. दोष मात्र रॅकेटला! प्रतिस्पर्ध्याची रॅकेट चेंडूला भिडत असताना छोटी उडी घेऊन दोन्ही चवड्यांवर उतरावे. यालाच 'स्प्लिट स्टेप' म्हणतात. त्यामुळे कोणत्याही दिशेला झेपावता येते. चेंडूजवळ पोहोचताना पावले लहान करावीत. दोन गुणांमधील २५ सेकंदांत श्वास संथ करावा, पाय मात्र थांबू देऊ नयेत.

बंगळूरच्या इंदिरानगरचे रहिवासी, मराठीभाषक कुटुंबातील राहुल द्रविड यांचा खेळ निराळा, प्रश्न हाच. डिसेंबर २००३ च्या अ‍ॅडलेड कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या ५५६ धावांसमोर भारत ४ बाद ८५ असा अडचणीत होता. द्रविड यांनी २३३ आणि नाबाद ७२ धावा केल्या. भारत ४ गडी राखून जिंकला. फलंदाज चेंडू सुटेपर्यंत स्थिर असतो, टेनिसपटू हलता. पण पाऊल पुढे की मागे, हे दोघांनाही चेंडू पाहूनच ठरवावे लागते. म्हणून सरावातही '३०-४०' अशी पिछाडी मानून सर्व्हिस करावी आणि त्या वेळी केवळ पावलांकडे लक्ष द्यावे.